काजूगर आणि बिबे: पोषण, खरेदी आणि गोव्याच्या स्वयंपाकघरातले उपयोग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, पेडणे, डिचोली, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण, कुठल्याही डोंगरउतारावर गेलात तरी काजूचं झाड भेटतंच. तरीही काजू किती खायचा, त्याने वजन वाढतं का, बिबे, म्हणजे ओले काजूगर, सोलायचे कसे, बाजारातला कुठला काजू घ्यायचा, हे प्रश्न दर हंगामाला नव्याने विचारले जातात. माझं मत आधीच सांगून टाकते. काजू हा पहिल्यांदा जेवणाचा जिन्नस, आणि मग तोंडात टाकायचा सुका मेवा. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याची भाजी केली, तोणाक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा) केलं, मणगण्यात (चण्याच्या डाळीच्या, गूळ-नारळाच्या खिरीत) घातला. त्या वाटेने गेलं की खाण्याचं प्रमाण बहुतेक वेळा आपोआप बरोबर बसतं.

काजूगरात नेमकं काय असतं?

१०० ग्रॅम न भाजलेल्या, बिनमिठाच्या काजूगरात साधारण ५५० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं, ४४ ग्रॅम स्निग्धांश आणि ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या कर्बोदकांत २० ग्रॅमच्या वर तर निव्वळ पिष्ट आहे. बाकीच्या सुक्या मेव्यात इतकं पिष्ट सापडत नाही, आणि स्वयंपाकात काजू वेगळा वागतो तो त्यामुळेच. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

काजूची खरी श्रीमंती खनिजांत आहे. १०० ग्रॅमला मॅग्नेशियम सुमारे २९० मिलिग्रॅम, फॉस्फरस ५९०, पोटॅशियम ६६०, लोह ६ ते ७, जस्त जवळपास ६ आणि तांबं २ मिलिग्रॅमहून थोडं जास्त. तांबं आणि मॅग्नेशियम यांच्यासाठी काजू मुद्दाम खावा, इतका चांगला आहे. उणी बाजूही सांगते: कॅल्शियम जेमतेम ३७ मिलिग्रॅम, तंतू फक्त ३ ग्रॅमच्या आसपास, आणि क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. हाडांसाठी म्हणून कुणी काजू खात असेल तर त्यापेक्षा नाचणी खावी.

दिवसाला किती खावेत?

निरोगी मोठ्या माणसाला ३० ग्रॅम पुरे. त्यातून साधारण १६५ कॅलरी, साडेपाच ग्रॅम प्रथिनं आणि मॅग्नेशियमचा चांगला वाटा मिळतो. मोजायचे झाले तर डब्ल्यू-३२० प्रतीचे (ही आकारावरून ठरणारी प्रत, पुढे सांगितली आहे) वीसेक, डब्ल्यू-२४० चे सोळाच्या आसपास आणि डब्ल्यू-१८० चे मोठे दाणे असतील तर बाराच. ‘रोज दहा काजू’ असा सल्ला ऐकला की मी आधी विचारते, कुठले दहा?

ज्या दिवशी भाजीत किंवा रश्शात काजू पडला असेल त्या दिवशी वेगळी मूठ घेऊ नये. हिशेब तिथेच चुकतो. दुपारी काजूचं तोणाक, संध्याकाळी चहाबरोबर खारे काजू आणि रात्री काजूकतली झाली की ३० चे १०० ग्रॅम कधी झाले ते कळतही नाही.

काजूने कोलेस्टेरॉल वाढतं का?

काजूत कोलेस्टेरॉल नसतं. ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं. काजूतल्या ४४ ग्रॅम स्निग्धांशापैकी निम्म्याहून जास्त भाग ऑलिव्ह तेलात असतो तसल्या एकअसंपृक्त प्रकारचा आहे. संपृक्त भाग आठ ग्रॅमच्या आत. भीती बाळगायची तर तळून मीठ चोळलेल्या पाकिटांची बाळगा. त्यात वरून आलेलं तेल आणि मीठ काजूचं नसतं. रक्तदाब असलेल्यांनी घरी भाजलेले बिनमिठाचेच खावेत.

मधुमेहात चालतात का?

थोडे चालतात. स्निग्धांश आणि प्रथिनांमुळे काजूने साखर एकदम चढत नाही. पण काजूकतलीत भरपूर साखर असते, तिला काजू समजून खाऊ नका. औषध चालू असेल तर किती खायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

बदाम, अक्रोड की काजू? जास्त चांगलं काय?

तिघांची कामं वेगळी. ई जीवनसत्त्व, तंतू आणि कॅल्शियम बदामात कितीतरी जास्त. ओमेगा-३ हवं तर अक्रोड. काजूत ते नावापुरतंच. तांबं आणि जस्त यांत काजू पुढे. पण बदाम आणि अक्रोड आपल्याकडे बाहेरून येतात, काजू परसात पिकतो, ताजा मिळतो, आणि त्याची भाजी होते. गोव्यातल्या घराने काजूकडे पाठ फिरवून महागडे परदेशी दाणे शोधत फिरावं, हे मला पटत नाही.

बिबे कधी मिळतात आणि चांगले कसे ओळखायचे?

ओले काजूगर म्हणजे बिबे. टरफल हिरवं आणि सुरीने कापण्याइतकं मऊ असतानाच ते काढतात. साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्यात, मडगावात बाया शेकड्याच्या हिशेबाने वाटे लावून बसलेल्या असतात. हंगामाच्या सुरुवातीला दर ऐकून छाती दडपते. दोन-तीन आठवडे थांबलं तर उतरतो.

सोललेले घेत असाल तर गर पांढराशुभ्र, टणक आणि ओलसर असावा. कडेला काळपट डाग असेल तर टरफलाचा चीक लागलेला आहे, तो गर घेऊ नका. पिवळसर आणि चिकट झालेला गर आदल्या दिवशीचा किंवा त्याहून जुना. बिब्यांत पाणी बरंच असतं. त्यामुळे तितक्याच वजनाच्या सुक्या काजूपेक्षा त्यात कॅलरी कमी, आणि भाजी म्हणून पोटभर खाता येतात.

बिबे सोलताना हात भाजतात. काय करायचं?

टरफलाच्या दोन थरांमध्ये जो तेलकट चीक असतो तो कातडी जाळतो. त्यातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल या द्रव्यांचं हे काम. आंबा, पिस्ता आणि धोब्याचा बिब्बा हे सगळे काजूचे भाऊबंद. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की जे होतं, तेच इथे कितीतरी पटीने जास्त होतं. पहिल्यांदा नुसतं चुरचुरतं, मग कातडी काळी पडते आणि चारसहा दिवसांनी सालपटं निघतात. काहींना पाण्याचे फोड येतात.

सोलायला बसण्यापूर्वी दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना खोबरेल चोपडून घ्या. रबरी हातमोजे घातले तर उत्तमच, पण ओल्या मोज्यांतून सुरी सटकते, जपून. बी आडवी धरून आदोळीवर (विळीवर) किंवा धारदार सुरीने तिचे उभे दोन भाग करा. गराचेही दोन भाग होतात, होऊ द्या. मग सुरीच्या टोकाने अर्धा गर उचलून थेट पाण्याच्या भांड्यात टाका. टरफलाची कापलेली बाजू गरावर घासली जाणार नाही एवढंच सांभाळायचं. मधूनमधून सुरी फडक्याने पुसा, कारण तिच्या पात्यावर चिकाचा थर बसत जातो आणि तो पुढच्या गराला लागतो.

सोलून झाल्यावर आधी हात खोबरेलाने पुसून घ्या, नंतर साबणाने धुवा. तेलकट चीक नुसत्या पाण्याने निघत नाही. तोवर डोळ्यांना, ओठांना हात लावू नका आणि मुलांना जवळ घेऊ नका. फोड आले किंवा चेहरा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

गर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवले की वरचा पातळ पापुद्रा चिमटीत धरून सरळ निघतो. तो काढलाच पाहिजे, नाहीतर भाजी तुरट लागते.

बिब्यांचं तोणाक कसं करायचं?

चार माणसांना शंभर बियांचे गर पुरतात. ते किंचित मीठ-हळद घालून बेताच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवा. दोन बोटांत दाबल्यावर गर दबला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये.

एकीकडे खोबरेलावर चार-पाच सुक्या मिरच्या (काणकोणातल्या खोला गावची मिळाली तर रंगही येतो आणि तिखटही नेमकं), चमचाभर धणे, पाच-सहा मिरी, तीन लवंगा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा परतून काढा. त्याच तेलात एक कांदा उभा चिरून लालसर करा, त्यावर एक वाटी खोवलेलं खोबरं घालून तपकिरी होईपर्यंत मंद आचेवर भाजा. इथे घाई नको. खोबरं कडेने करपलं आणि मध्ये पांढरं राहिलं तर सगळं तोणाक कडवटतं. आधी परतलेला मसाला आणि हे खोबरं एकत्र करून पाण्यावर गुळगुळीत वाटा.

वाटण बिब्यांत घाला, चिंचेचा कोळ चमचाभर, गुळाचा खडा सुपारीएवढा, चव बघून मीठ. पाच मिनिटं उकळी आली की झालं. हे वाटण थंड होताना घट्ट होतं, म्हणून उतरवताना जरा पातळच ठेवा. सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) आलेला पाव असेल तर दुसरं काही लागत नाही. बटाट्याच्या फोडी घालूनही करतात. बिबे महाग असताना तेच शहाणपणाचं.

यापेक्षा साधं काही?

सुकी भाजी. खोबरेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, हळद, त्यावर बिबे आणि पाण्याचा हबका. झाकण ठेवून शिजवा, शेवटी चिमूटभर गूळ आणि मूठभर ओलं खोबरं. कोवळी तोंडली उभी चिरून सोबत घातली तर दोन्ही एकाच वेळी शिजतात आणि शंभर बिब्यांचं काम पन्नासांत होतं. वरून लिंबू पिळायला विसरू नका. काजूतलं लोह शरीराने नीट घ्यावं यासाठी क जीवनसत्त्वाची सोबत लागते, आणि ते काजूत स्वतःत नाही.

चतुर्थीला बिबे हवे असतील तर?

श्रावण-भाद्रपदात झाडावर बिबे नसतात. दोन उपाय आहेत. एक, हंगामात सोललेले बिबे पापुद्रा काढून, उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, पूर्ण निथळून छोट्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये ठेवायचे. भाजीला घेताना आधी वितळवू नका, गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाका. दुसरा, वाळवून ठेवलेल्या टरफलासकटच्या बिया टरफल मऊ होईपर्यंत पाण्यात भिजत घालायच्या आणि कापायच्या. पाणी रोज बदलावं लागतं. कापताना काळजी तीच, कारण चीक वाळल्याने जात नाही.

दोन्ही जमत नसेल तर चांगले सुके काजू रात्रभर भिजवून वापरा. चव बिब्यांची येत नाही, पण खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या रश्शात) किंवा तोंडल्याच्या भाजीत चालून जातं.

रश्शाला काजूची पेस्ट घातली की दाटपणा कसा येतो?

वर म्हटलेल्या पिष्टामुळे. गरम झालं की ते पाणी शोषून फुगतं, आणि सोबतचा स्निग्धांश रस्सा मऊ करतो. बदामाची पेस्ट रवाळ राहते आणि रस्सा असा बांधून ठेवत नाही.

चार माणसांच्या रश्शाला ५० ग्रॅम काजू पुष्कळ झाले. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग थोड्याच थंड पाण्यात वाटा. पाणी जास्त झालं तर दाणे पात्याखाली सापडत नाहीत आणि कणी राहते. कांदा-टोमॅटो पूर्ण शिजून तेल सुटल्यावरच पेस्ट घाला, आच बारीक करा आणि ढवळणं थांबवू नका. ही पेस्ट तळाला धरते, आणि करपल्याचा वास एकदा लागला की कुठल्याच मसाल्याने झाकला जात नाही.

यासाठी अख्खे काजू वाटणं म्हणजे पैसे वाटणं. तुकडा घ्या. पोषण तेच, चव तीच, भाव बराच कमी.

डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० म्हणजे काय? कुठला घ्यावा?

एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे पांढरे दाणे बसतात तो आकडा. आकडा लहान तितका दाणा मोठा. डब्ल्यू-१८० सगळ्यात दिमाखदार, भेट द्यायला ठीक. घरच्या खाण्याला डब्ल्यू-३२० मला सर्वांत योग्य वाटतो. मणगणं, शिरा, पुलाव यांना दोन फाका झालेला काजू, वाटणाला तुकडा, लाडू-बर्फीला बारीक कणी. भाजताना जरा तांबूस झालेले दाणे वेगळे काढून स्वस्त विकतात. ते खराब नसतात, चवीला उलट खमंग लागतात.

गोव्याचाच काजू कसा ओळखायचा?

नुसत्या डोळ्यांनी अवघड आहे. भारतातले काजू कारखाने आफ्रिकेतल्या देशांमधून मोठ्या प्रमाणावर कच्च्या बिया आणतात. किनाऱ्याजवळच्या दुकानात ‘गोवा काजू’ लिहिलेल्या डब्यात काय आहे, हे डबा सांगत नाही. म्हणूनच २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मोल मोठं आहे. डोंगरात राबणाऱ्या बागायतदाराच्या मालाला त्याच्या नावाने भाव मिळायला हवा. पाकिटावर मानांकनाची खूण बघा, किंवा ज्यांच्याकडे बागायतदार आपल्या बिया घालतात अशा सहकारी संस्थेच्या दुकानातून अथवा ओळखीच्या भट्टीवाल्याकडून घ्या. आपल्या काजूला चवीला अंगची गोडी असते, आणि तो ताजा असल्यामुळे चावताना दाताखाली लोण्यासारखा विरघळतो.

सालीसकट भाजलेले काजू चांगले की सोललेले?

चवीला सालीचे, माझ्या मते. तांबड्या सालीमुळे आतला गर जास्त दिवस खमंग राहतो. साल तुरट असते, ती खाताना बोटांनी चोळून काढावी. बाजारातले ‘कच्चे’ पांढरे काजू खरं तर कच्चे नसतात. टरफल फोडण्यापूर्वी बिया वाफवलेल्या किंवा भाजलेल्या असतात, म्हणून ते तसेच खाल्ले तरी चालतात. झाडाखाली पडलेली बी उचलून दाताने फोडायची मात्र नाही.

घरी भाजायचे तर जाड बुडाच्या कढईत बारीक आचेवर आठ-दहा मिनिटं, सारखे हलवत. हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच ताटात ओता, कारण आतली उष्णता त्यांना पुढे भाजतच राहते. खारे हवे असतील तर चमचाभर मीठ पाव वाटी पाण्यात विरघळवून शिंपडा आणि तेच पाणी आटेस्तोवर परता. तेलाची गरज नाही.

पावसाळ्यात मऊ पडतात, खवट होतात. कसे ठेवायचे?

आपल्याकडच्या जूनच्या हवेत उघडा डबा दोन दिवसांत मऊ पडतो. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, सहा महिने राहतात; फ्रीझरमध्ये वर्षभर. मऊ झालेले परत भाजले की कुरकुरीत होतात. खवट झालेले कशानेही सुधारत नाहीत, ते टाकूनच द्यावेत.

सणांच्या गोडात काजू कुठे घालावा?

मणगण्यात तो हवाच. चण्याची डाळ शिजायला लावतानाच काजूच्या फाका घातल्या तर त्या नारळाच्या रसात आणि गुळात मऊ होऊन डाळीत मिसळतात. तळून वरून पेरलेले काजू मणगण्यात परके वाटतात. नाताळच्या कुस्वारातलं (फराळाच्या गोड पदार्थांतलं) आपल्याकडचं मार्झिपान बदामाऐवजी काजूचंच. काजूची पूड आणि साखर साधारण समान, अंड्याचा पांढरा, थोडं गुलाबपाणी, आणि कडा सुटेपर्यंत मंद आचेवर घोटायचं. पूड करताना मिक्सर सलग फिरवू नका, तेल सुटून गोळा होतो. थांबत थांबत फिरवा.

बोंडू (काजूचं फळ) खावं का?

जरूर. क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट-पाचपट आहे, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या पुढे. टॅनिनमुळे घसा धरतो. फोडींना मीठ लावून थोडा वेळ ठेवल्या की तुरटपणा बराच उतरतो. चेचलेल्या बोंडूंतून आपसूक गळणारा नितळ रस म्हणजे नीरो, तो गार करून त्याच दिवशी प्यावा, कारण आंबायला वेळ लागत नाही. रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. तिला २००९ सालीच मानांकन मिळालं. पण बोंडवाचं क जीवनसत्त्व गाळताना भांड्यातच राहतं, त्यामुळे फेणी औषधी म्हणून पिणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य नाही.

काजू कुणी टाळावेत?

काजूची अ‍ॅलर्जी तीव्र असू शकते. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या, श्वास लागणं यांपैकी काही दिसलं तर लगेच इस्पितळ गाठा. अशा माणसाला पिस्ताही बहुधा सोसत नाही. घरी पाहुणे जेवायला येणार असतील तर रश्शात काजू आहे हे आधी सांगून ठेवा, पेस्ट दिसत नाही.

ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी बेताने खावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. पूड करून पेजेत किंवा शिऱ्यात घालावी. आणि काजूचं दूध घरी छान होतं, एक वाटी भिजवलेल्या काजूला तीन-चार वाट्या पाणी, गाळायचीही गरज नाही. पण त्यात कॅल्शियम नगण्य असल्यामुळे लहान मुलाच्या दुधाची जागा ते घेऊ शकत नाही.

बिबे काढून उरलेल्या टरफलांचं काय करावं?

चुलीत घालू नका. त्यांतलं तेल भडकतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला, कातडीला झोंबतो, शेजाऱ्यांनाही त्रास. कारखान्यांतली टरफलं वाया जात नाहीत, त्यांच्या तेलापासून रंग, वॉर्निश आणि गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर बनतात. घरची मूठभर टरफलं कागदात गुंडाळून, कुणाचा हात लागणार नाही अशी परसाच्या कोपऱ्यात पुरावीत. गाय-बैल हुंगतात त्या कचऱ्यात ती कधीही टाकू नयेत.